भरावावरची चोरओटी

२८ जानेवारी १९६३, चिंचवाडी तलाव

पत्र्याच्या खोलीत संसार मांडून आज तिसरा दिवस. खोली कसली, डबाच तो. दुपारी भाजून काढतो आणि पहाटे गारठवतो. आई बघेल तर म्हणेल, प्रेमले, एम. ए. होऊन हेच मिळवलंस का? हेच मिळवलंय, आणि मला ते आवडलंय.

उमरग्याहून कच्च्या रस्त्यानं आत आलं की हा मातीचा बांध लागतो. हे इथं सहायक इंजिनिअर. बांधाचं काम बघतात, पण जीव सगळा कालव्याच्या दारात. पाणी वाढलं की आपोआप मिटणारं, उतरलं की आपोआप उघडणारं दार बसवायचंय. एका बाजूला तरंगतं पिंप, दुसऱ्या बाजूला वजन, मधे दांडा. त्यावर प्रबंध लिहिताहेत. "माणसाचा हातच लागायला नको," असं दिवसातून चारदा म्हणतात. मी म्हटलं, मग भाकरीलाही असंच एखादं पिंप लावा, माझा हात सुटेल. हसले नाहीत. तुळजापूरच्या माणसाची थट्टा ह्यांना उशिरा कळते.

माझं संशोधन माणसांचं. पुण्याच्या संस्थेतल्या सरांनी मला नेमलंय. पोटात लेकरू असताना मातीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईचं काय होतं, ते पाहायचं. कारखान्यातल्या बाईला बाळंतपणाची पगारी रजा द्यायची असा कायदा नुकताच झालाय. तलावावरच्या बाईला तो नाही. पुरावा दिला तर तो तिलाही लावता येईल, हे सरांचं म्हणणं. माझा पुरावा!

नेमणुकीच्या वेळी कमिटीतल्या एका गृहस्थांनी विचारलं होतं, "नवीन लग्न दिसतंय. घरगुती कारणानं काम मधेच सोडणार नाही ना?" मी ताडकन नाही म्हणून सांगितलं. सर बाहेर येऊन म्हणाले, "सगळ्यांचा विरोध पत्करून तुम्हाला घेतलंय. माझी लाज राखा." राखणार.

४ फेब्रुवारी

इथं मजूर एकेकटा घेत नाहीत, जोडी घेतात. नवरा खणतो, बायको पाटी उचलून भरावावर नेऊन टाकते. हजेरी जोडीची, नाव फक्त नवऱ्याचं. मी मुकादम दगडोबाला विचारलं, बायकांची नावं कुठं लिहिता? तो म्हणाला, "बैलगाडीच्या भाड्याची पावती फाडताना बैलाचं नाव कुठं लिवत्यात, बाई?" मी त्याला चांगलंच झापलं. त्याला काही वाटलं नाही.

बायका पहिले दोन दिवस तोंडात पदर धरून नुसत्या हसत होत्या. आज कोंडाबाई आपणहून येऊन बसली. सास्तूरकडची. नवरा लिंबराज. वय माझ्याएवढंच असेल, पण हाताकडं पाहिलं तर माझी आई शोभेल. पहिलं मूल सडकेच्या कामावर असताना गेलं, दुसरं विहिरीच्या. दोन्ही पोटातच. आता तिसरं.

"ह्ये तरी ऱ्हावं बाई," म्हणाली. "नवरा चांगला हाय, काय म्हणत न्हाय. पर सासू दुसरी बघायलीय त्याला."

मी तिला रजेचं सांगितलं. काम न करता मजुरी. ती इतकी हसली की चुंबळ डोक्यावरनं खाली पडली. "आन लिंबराज काय एकटाच भरंल आन एकटाच उचलंल?" तिला समजावता समजावता माझा घसा बसला.

११ फेब्रुवारी

आता बायका बोलतात. दुपारच्या भाकरीच्या वेळी लिंबाखाली माझ्याभोवती कोंडाळं असतं. शेवटची पाळी कधी, किती लेकरं, किती गेली, सगळं विचारते. लाजत लाजत सांगतात. नऊवारीत आणि ह्या मातीत कोण पोटुशी आहे ते मुकादमाला काय, मलासुद्धा ओळखता आलं नसतं. सात जणी निघाल्या. द्वारकाबाई तर चाळिशीची. नागूबाई म्हणून एक म्हातारी सुईण आहे, ती लांब बसून विडा चघळते आणि माझ्याकडं पाहत राहते. तिला माझा राग येतो बहुतेक. तिच्या धंद्यावर गदा येईल असं वाटत असणार.

कोंडाबाईनं मला करडईची भाजी आणून दिली. ह्यांनी मिटक्या मारत खाल्ली.

२३ फेब्रुवारी

आज गुत्तेदार बसवराज स्वतः खोलीवर आले. ह्या बांधाचं सगळं काम त्यांच्याकडं आहे. पांढरं धोतर, कपाळाला भस्म, बोलणं अगदी मऊ. "मॅडम लई शिकल्यात असं ऐकलं. आम्हालाही शिकवा."

मी शिकवलं. मन लावून शिकवलं. नव्या कायद्यात काय आहे, ठरावीक दिवस काम भरलं की मालकाला बाळंतिणीची मजुरी कशी द्यावी लागते, आज तलावाला लागू नाही पण उद्या कसा होईल, सगळं. गरोदर बाईनं ओझं उचलणं किती धोक्याचं, तेही. ते मान हलवून ऐकत होते. चहा दोनदा घेतला. असा समजूतदार माणूस गुत्तेदारात निघेल असं वाटलं नव्हतं.

जाता जाता म्हणाले, "मग आपल्या इथं अशा कोण कोण हायेत?"

मी म्हटलं, नावं सांगणार नाही. विश्वासानं सांगितलेलं असतं. संशोधनाचा तो नियमच आहे. "बरोबर हाय," म्हणाले. "सांगूच नका."

मला स्वतःचा अभिमान वाटला. हे खोटं कशाला लिहू?

१७ मार्च

उन्हाळा लागला. नाल्याचं पाणी बाधलंय मला. सकाळी चहाचा वासही सोसत नाही. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, उकळून पी. उकळूनच पिते. चांदपाशा फिटर नळदुर्गाहून कैऱ्या घेऊन आला होता, त्यातली अर्धी टोपली मीच संपवली. "बाईसाब, दात आंबतील," म्हणाला. नागूबाई तेव्हा तिथंच होती. म्हातारी गालातल्या गालात हसली. माझ्या खादाडपणाला हसायला हिला काय झालं?

दाराचा दांडा सोलापूरहून आला. हे त्याच्याभोवती नव्या नवरीभोवती घुटमळावं तसे घुटमळताहेत. माझ्याभोवती इतके घुटमळले नव्हते.

२५ मार्च

उमरग्याहून येणाऱ्या ट्रकबरोबर आईनं पार्सल पाठवलंय. सात हिरवे खण, नारळ, हळदकुंकू. मी मागच्या पत्रात ह्या सात जणींबद्दल लिहिलं होतं त्यावरून तिनं आपणहून सगळं देवीच्या पायाशी लावून आणलं. वडिलांनी कुरकुरत पैसे दिले म्हणे. चिठ्ठीत लिहिलंय: "पोरी, परमुलखात पाट्या वाहतात बिचाऱ्या, त्यांना माहेर कुठलं. त्यांची चोरओटी भर. दार लावून, एकेकीला आत घेऊन भर. गाजावाजा करू नको. दृष्ट लागते."

आईची दृष्ट! कुणाची लागणार? मातीची? एकेकीला अंधाऱ्या पत्र्यात घेऊन चोरून ओटी भरायची म्हणजे त्या काही वाईट करताहेत असं होईल. मी गेले दोन महिने हेच तर शिकवतेय की लपवायचं काय त्यात. उद्या पाडवा. लिंबाखाली, सगळ्यांसमोर भरणार.

२६ मार्च, पाडवा

फार छान झालं. दुपारच्या सुटीत सगळ्या बायकांना बोलावलं. सगळ्यांना हळदकुंकू, आणि त्या सात जणींना पुढं पाटावर बसवून हिरवा खण, नारळ, ओंजळभर गहू. द्वारकाबाई लाजून लाल. एकीच्या तर डोळ्यांत पाणीच आलं.

कोंडाबाई मात्र मागं मागं सरत होती. "मला नगं बाई. मला खोलीवर द्या सांजच्याला." मी म्हटलं, वेडी की काय, देवीचं आहे, नाही म्हणायचं नसतं. देवीचं म्हटल्यावर काय करते, बसली. पदर पुढं केला, पण मान वर केली नाही. तिचा खण मी मुद्दाम सगळ्यात चांगला निवडला होता, जरीकाठी.

दगडोबासुद्धा येऊन उभा राहिला. पायातल्या वहाणा काढून, हात जोडून, शेवटपर्यंत. कुंकू लावून घेतलं. माणूस दिसतो तेवढा वाईट नाही.

नागूबाई आली नाही. बोलावलं तर पाठ करून बसली.

२८ मार्च

काय झालं ते नीट लिहिते.

सकाळी हजेरीला दगडोबानं लिंबराजचं नाव घेतलं नाही. आणखी सहा नावं घेतली नाहीत. मी धावत गेले तेव्हा तो सांगत होता, "अर्ध्या जोडीला काम न्हाय. गावाकडं जा. बाळंत झाल्यावर बघू." कोंडाबाई उभी होती. माझ्याकडं तिनं पाहिलं सुद्धा नाही. कुणीच पाहिलं नाही.

मी गुत्तेदारांना गाठलं. म्हटलं, हे काय चालवलंय? त्यांनी मला खुर्ची दिली. "माझं काय चुकलं सांगा. तुम्हीच म्हणालात, पोटुशी बाईनं ओझं उचलू नये. आता उचलू देत न्हाय. उद्या कायदा आला तर आमच्या गळ्यात नको, म्हणून आधीच मोकळं झालो. कोण हायेत ते आम्ही कुणाला विचारलं न्हाय बरं. देवीनंच दाखवलं."

 आल्या पावली परत आले आणि ओकले.

ह्यांना म्हटलं, तुम्ही बोला. तुमचं ऐकतील. हे दांड्याला तेल देत होते. "पावसाआधी दार बसलं नाही तर वर्ष गेलं. बसवराजशी वाकडं घेऊन मला पिंपाच्या विहिरीचं काँक्रीट कोण करून देणार? आणि तूच त्यांना कायदा सांगायला कशाला गेलीस?"

हे शेवटचं खरं आहे, म्हणूनच मी इतकी भांडले.

५ एप्रिल

उस्मानाबादला जाऊन आले. कामगार खात्यातल्या साहेबांनी बसायला सांगितलं, ताक मागवलं, सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तलाव हा कारखाना आहे का?" नाही. "बाईचं नाव हजेरीत आहे का?" नाही. "मग ती नोकरीलाच नव्हती. जी नोकरीला नव्हती तिला काढलं कोणी?"

वाईट माणूस नव्हता. उठून दारापर्यंत पोचवायला आला. म्हणाला, "तुमचा अहवाल येऊ द्या. त्यात दाखवा, इतक्या बायका, इतकं नुकसान. त्याशिवाय वरचे हलणार नाहीत." येताना एस. टी. लागली मला, सारखी गाडी थांबवायला लावली. कंडक्टर वैतागला.

२१ एप्रिल

कोंडाबाई परत आली. लिंबराजही. आणि दोघी सोडून बाकीच्याही आल्यात. दगडोबानं एकेकीला उभं करून वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि घेतलं.

मी कोंडाबाईला बाजूला घेतलं. पोट सपाट. म्हटलं, कोंडे, काय झालं गं? ती म्हणाली, "काय न्हाय बाई. तसं नव्हतंच ते. वाताचं पोट व्हतं." आणि पाटी उचलून चालू लागली. द्वारकाबाईला विचारलं, तीही तेच म्हणते. वात. सगळ्यांनाच एकदम वात?

चालताना ताठ चालते कोंडाबाई. वाकायचं असलं की गुडघ्यांवर बसून उचलते. कमरेत उसण भरलीय म्हणते, म्हणून पट्टा बांधलाय. भाकरी अर्धीच खाते.

आता माझ्याभोवती कुणी बसत नाही. विचारलं तर सगळ्या एका सुरात, "न्हाय बाई, काय न्हाय."

३ मे

मला कळलंय काय झालं ते. नागूबाई! जातात त्या तिच्याकडं, आणि तिच्याकडं झाडपाला असतो हे मला माहीत आहे. तिनंच सगळ्यांना काहीतरी पाजून मोकळं केलं असणार, कामावर घ्यावं म्हणून. आणि ह्या वेड्या बायका वात म्हणताहेत.

आज तिला तिच्या पालासमोर गाठून मी नको नको ते बोलले. बाई आहेस की कोण आहेस, पोरींची पोटं रिकामी करतेस, तुला पोलिसात देईन, सगळं. म्हातारीनं ऐकून घेतलं. सुपारी कातरत होती, कातरतच राहिली. शेवटी एवढंच म्हणाली, "बसा बाई. उन्हाचं उभं ऱ्हाऊ नगा. तुमी तरी बसा."

मी बसले नाही.

१८ मे

काल काँक्रीट होतं. आज लिहितेय.

दाराची विहीर, म्हणजे ज्यात ह्यांचं पिंप तरंगणार तो हौद. हे म्हणाले होते की काँक्रीट एकदा सुरू केलं की मधे थांबवता येत नाही, सांधा राहतो, पाणी झिरपतं. म्हणून सकाळपासून बायकांची रांग, हातोहात घमेली. ऊन नुसतं पेटलेलं. मी पाणी देत फिरत होते.

दुपारी कोंडाबाई खाली बसली. हळूच, कुणी बसायला सांगावं तशी. घमेलं मांडीवर धरून. तिच्या लुगड्याखालून माती ओली होत होती.

दगडोबा ओरडला, "रांग मोडू नका." ह्यांनी विहिरीतून वर पाहिलं. त्यांना दिसलं, मला माहीत आहे दिसलं. आणि तेही म्हणाले, "रांग थांबू देऊ नका." दोन बायका तिच्या अंगावरून घमेली पुढं देत राहिल्या. मी ह्यांना दोष देत नाही असं लिहायला बसले होते. पण देते.

चांदपाशानं हातातला पाना टाकला. सिमेंटचा ट्रक उभा होता, त्याच्या ड्रायव्हरला म्हणाला, "चल निकाल. साब को मैं बोलता." लिंबराजनं तिला उचललं. नागूबाई आणि मी मागं चढलो.

ट्रकात म्हातारीनं तिचा पट्टा सोडला. पट्टा नव्हताच तो. जुन्या लुगड्याच्या पट्ट्या, एकीवर एक, इतक्या घट्ट की नागूबाईची बोटं आत जाईनात. दातानं गाठ सोडली तिनं. आणि पोट बाहेर आलं. चांगलं सहा-सात महिन्यांचं पोट, बांधून सपाट केलेलं. पट्ट्यांच्या आत, अंगाला लागून, घडी घातलेला हिरवा जरीकाठी खण होता.

"देवीचं हाय म्हणली," नागूबाई बोलली. "लेकराजवळ असू द्या म्हणली. म्या काय पाजलं न्हाय, बाई. म्या फकस्त बांधलं. तुमी मला शिव्या देत व्हता तव्हा ह्ये लेकरू जित्तं व्हतं."

उमरग्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. मुलगा होता. लेडी डॉक्टरनं विचारलं, पहिल्यांदाच का? कोंडाबाईनं तीन बोटं दाखवली.

१९ मे

परत येताना नागूबाईला विचारलं, आणि बाकीच्या?  बरंच पुढं आल्यावर म्हणाली, "साऱ्या बांधूनच हायेत. आता तुमाला कळलंय. आता काय करताव?"

मला वाटलं होतं ती रागावेल. ती खरंच विचारत होती.

२८ मे

कोंडाबाई कामावर आली. सव्वा महिना तर सोडाच, दोन आठवडेसुद्धा झाले नाहीत. मी आडवी झाले. ती म्हणाली, "वाट सोडा, बाई. जोडी मोडती." मी म्हटलं, कोंडे, मला माफ कर. ती थांबली, आणि जरा विचार करून म्हणाली, "तुमी चांगल्याच हाव. तुमी चांगल्या नसत्याव तर आमी सांगितलंच नसतं." मग पाटीखाली डोकं घातलं.

७ जून

सरांना सगळं लिहिलं होतं. ओटी, हजेरी, बांधलेली पोटं, कोंडाबाई. आज उत्तर आलं. त्यांना वाईट वाटलंय, हे त्यांच्या अक्षरात दिसतं. पण लिहितात: ऐकीव गोष्टींवर कमिटी विश्वास ठेवणार नाही. लपवलेल्या गरोदर बाया आहेत असं म्हणायचं तर त्या कोण, हे दाखवावं लागेल. दवाखान्यातून तपासून घ्या, नावानिशी द्या. तसं दिलंत तर कायद्याची बाजू भक्कम होईल. अहवालाची प्रत कामाच्या ठिकाणी, म्हणजे गुत्तेदारांनाही, द्यावी लागते, हे लक्षात ठेवा.

दिवसभर त्या पत्राकडं पाहत बसले. दाखवलं तर कायदा येईल, कधीतरी, कुणासाठी तरी. आणि ह्या चौघी त्याच दिवशी घरी जातील. नाही दाखवलं तर त्या बांधून पाट्या वाहतील, आणि मी म्हणायचं की इथं कुणी पोटुशी नव्हतंच. ह्यांना विचारलं.  म्हणाले, "माझ्या पिंपाला फक्त विहिरीतलं पाणी कळतं. बाहेर काय चाललंय ते त्याला कसं कळणार?" मग म्हणाले, "मी त्या दिवशी रांग थांबवायला हवी होती." इतकंच. पण म्हणाले.

१५ जून

नाल्याला पाणी आलं. ह्यांचं दार चाललं. पाणी चढलं तसं पिंप उचललं गेलं आणि दार सावकाश खाली बसलं. कुणाचा हात लागला नाही. गुत्तेदारांनी पेढे वाटले, वरचे साहेब आले होते, त्यांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. बायका लांब भरावावर उभ्या राहून पाहत होत्या. मला पेढ्याचा वास सोसला नाही.

पाऊस पडायला लागलाय तसं काम संपत आलंय. अजून दोन आठवडे, मग पालं उठतील.

२० जून

आज दुपारी नागूबाई खोलीवर आली. आत्तापर्यंत कधी आली नव्हती. आत आली आणि म्हणाली, "दार लावा." लावलं. "खिडकी." तीही लावली. पत्रा असा तापलेला, दोघी घामानं निथळत होतो.

"बसा," म्हणाली. "तुमचं कितवं चाललंय, बाई?"

मी विचारलं, काय कितवं?

 त्या सगळ्या बायकांना मी जे विचारत आले, शेवटची पाळी कधी आली होती, ते तिनं मला विचारलं. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि आठवेना. आठवलं तेव्हा बोटांवर महिने मोजायला लागले. पाणी बाधलं, एस. टी. लागली, पेढ्याचा वास. मी बाळंतपणावर संशोधन करतेय.

"म्या कैऱ्यापासनं बघायलेय," म्हणाली. "म्हनलं, शिकलेली बाई हाय, हिला कळत असंल."

तिनं पदराच्या टोकाची गाठ सोडली. ओंजळभर ज्वारी, गुळाचा खडा. "खण न्हाय माझ्याकडं." मी पदर पसरला. तिनं ज्वारी घातली, कपाळाला बोट लावलं, कुंकवाचं की नुसतंच ते कळलं नाही अंधारात. बाहेरून दगडोबाचा आवाज जात होता, तो जाईपर्यंत दोघी गप्प बसलो.

"कुणाला सांगू नगा एवढ्यात," म्हणाली. "तुमाला बी मालक असंलच की कुणी."

२३ जून

ह्यांना सांगितलं. आनंद झालाय त्यांना, वेड्यासारखा. आईला पत्र लिहायला बसले होते, मी कागद काढून घेतला.

उद्या सर आणि कमिटीतले ते गृहस्थ येताहेत. इथलं काम पाहून पुण्याच्या पुढच्या वर्षाच्या नेमणुकीचं ठरवणार. ती नेमणूक मला हवी आहे. मी राहिले नाही तर दुसरा कुणीतरी येईल आणि हजेरीतली नवऱ्यांची नावं तेवढी उतरवून घेऊन जाईल.

अहवाल आज पुरा केला. शेवटच्या पानावर लिहिलं: पाहणीच्या अखेरच्या काळात कामावरील स्त्रियांमध्ये एकही गरोदर स्त्री आढळली नाही. लिहिताना एकही खाडाखोड झाली नाही, ह्याचंच जास्त वाईट वाटलं. खाली सही केली. ते पान वाचून सर काय म्हणतील मला माहीत आहे, वरचे काय म्हणतील तेही माहीत आहे. मातीकामाच्या बाईला रजेची गरजच नाही, पुरावाच आहे.

संध्याकाळी भरावावर गेले. द्वारकाबाई पाटी रिकामी करून परतत होती, ताठ, गुडघ्यांत वाकत. माझ्यापाशी आल्यावर थांबली आणि माझा पदर हातानं ओढून डाव्या खांद्यावरून पुढं घेतला, पोटावरून, आणि उजव्या कमरेला खोचला.

"असा घ्या उद्या," म्हणाली. "दिसत न्हाय."